एक शक, दोन गाद्या

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर किंवा देवघराशेजारच्या फडताळात एक जुनी पेटी असेल. तिच्यात मोडीतले कागद असतील. काहींना वाळवी लागली असेल, काहींच्या घड्या उलगडताना तुकडे पडत असतील. हे जमिनीचे आहेत, टाकायचे नाहीत, एवढेच आजोबांनी सांगितलेले असते. त्या कागदांतल्या फक्त पहिल्या ओळीबद्दल, म्हणजे कालाच्या ओळीबद्दल, मला तुमच्याशी बोलायचे आहे. मजकुरात काय आहे हे मोडी वाचणारा कोणीही सांगेल. तो केव्हाचा आणि कोणाच्या अमलातला आहे हे पहिली ओळ सांगते, आणि आपण घसरतो तेही नेमके तिथेच.

एक समजूत मी पेडण्याकडे आणि डिचोलीकडे बऱ्याच वेळा ऐकली आहे. घरात एखादा कागद असतो, त्यावर ‘राज्याभिषेक शके’ अशी सुरुवात असते, आणि घरची माणसे अभिमानाने सांगतात, “आम्ही साताऱ्याचे. हा बघा छत्रपतींचा शक.” छत्रपतींचा शक हे खरे. पण कोणत्या छत्रपतींचा? १७०८ पासून पुढे मराठ्यांच्या राज्याला दोन गाद्या होत्या, एक साताऱ्याला आणि दुसरी आधी पन्हाळ्याला व मग कोल्हापूरला. दोन्हीकडे तोच शक चालत होता. मग नुसत्या शकावरून आपले घराणे कुठल्या गादीचे हे कसे ठरवणार?

यात विशेष काय, असे तुम्हाला वाटेल. ते कळण्यासाठी फार लांबचे एक उदाहरण आधी घेतो आणि मग आपल्या नदीकाठी परत येतो.

जपानात कालगणनेला नाव देण्याचा अधिकार सम्राटाचा. शुभ अर्थाची चिनी अक्षरे निवडायची, आणि त्या नावाचे पहिले वर्ष, दुसरे वर्ष असे मोजत जायचे. राजा बदलला की नाव बदले. भूकंप झाला, साथ आली, ग्रहमान वाईट निघाले तरीही बदले. एकाच राजाच्या कारकिर्दीत चार-पाच नावे होत. १३३६ साली गो-दाइगो हा सम्राट आणि आशिकागा ताकाउजी हा सरदार यांचे फाटले. ताकाउजीने क्योतोमध्ये दुसऱ्या शाखेचा सम्राट बसवला आणि गो-दाइगो दक्षिणेला योशिनोच्या डोंगरात गेला. उत्तरेचा एक दरबार आणि दक्षिणेचा एक, असे छप्पन्न वर्षे चालले. दोन दरबार म्हणजे अर्थातच कालाची नावेही दोन.

गंमत अशी की सुरुवातीला उलटेच झाले. आधीचे ‘केन्मू’ हे नाव गो-दाइगोनेच दिलेले होते. १३३६ मध्ये त्याने ते बदलून ‘एन्गेन’ केले. ताकाउजीने हा बदल मानला नाही आणि शत्रूनेच दिलेले जुने नाव १३३८ पर्यंत चालू ठेवले. पुढे मात्र दोन्हीकडची नावे वेगवेगळी होत गेली, आणि देवळाच्या दानपत्रावर किंवा शिपायाच्या बक्षीसपत्रावर कोणते नाव आहे एवढ्यावरून लिहिणारा कोणाच्या बाजूचा ते कळू लागले. १३५० च्या सुमारास क्यूशू बेटावर तर कहर झाला. तिथे दक्षिण दरबाराचा राजपुत्र ‘शोहेइ’ लिहीत होता. क्योतोच्या बाजूचे अधिकारी ‘कान्नो’ लिहीत होते. ताकाउजीशी न पटलेला त्याचाच मुलगा ताडाफुयू यांतले काहीच मानीना आणि क्योतोने टाकून दिलेले ‘जोवा’ हे नाव पुढे चालवीत होता. एकाच बेटावर, एकाच दिवशी, तीन नावांची तीन वर्षे. गावच्या माणसाने पावतीवर काय लिहावे? ज्याचे शिपाई दारात असतील त्याचे नाव लिहावे, दुसरे काय. १३५१ मध्ये ताकाउजीने डाव म्हणून दक्षिणेशी समेट केला, तेव्हा क्योतोमध्येही काही महिने ‘शोहेइ’ लिहिले गेले. समेट मोडला आणि अक्षरेही परत बदलली. शेवटी १३९२ मध्ये दक्षिणेच्या गो-कामेयामाने राजचिन्हे उत्तरेच्या गो-कोमात्सूच्या हवाली केली. त्यानंतर दक्षिणेचे ‘गेन्चू’ थांबले आणि उत्तरेचे ‘मेइतोकू’ तेवढे राहिले.

भांडण तरीही मिटले नाही. १९११ साली, म्हणजे पाचशे वर्षांनंतर, शाळेच्या पुस्तकात दोन्ही दरबार बरोबरीचे दाखवले म्हणून जपानात मोठा गदारोळ झाला, आणि दक्षिणेचा दरबारच खरा असा निर्णय द्यावा लागला. निर्णय देणारा सम्राट स्वतः उत्तरेच्या वंशातला होता!

कालाचे नाव म्हणजे राजसत्तेची खूण, हे आपल्याकडेही फार जुने आहे. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याने १०७६ मध्ये राज्यावर येताच शालिवाहन शक बाजूला सारून आपल्या नावाचा ‘चालुक्य विक्रम’ काल सुरू केला. गोव्याच्या कदंबांपैकी दुसरा जयकेशी हा त्याचा जावई. पण जयकेशीचे मुलगे, शिवचित्त परमाडी आणि विष्णुचित्त विजयादित्य, यांच्या लेखांत कलियुगाची वर्षे येतात. हलशीच्या नृसिंहाच्या देवळातल्या लेखात कलियुग ४२७० हे वर्ष आहे, म्हणजे इसवी सन ११६९-७०. आजोबांचा काल नातवांनी का घेतला नाही? तोपर्यंत चालुक्यांची सत्ता खिळखिळी झाली होती. शिवाय ज्या काळावर कोणाही राजाचे नाव नाही असा काल वापरला की कोणाचे मांडलिकत्व कबूल करण्याचा प्रश्नच येत नाही. यातून बंडाचा अर्थ मी काढणार नाही. पण कोणाही राजाचा नसलेला काल सोयीचा असतो ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती लागणार आहे.

आता १६७४. रायगडावर राज्याभिषेक झाला. जेधे शकावलीप्रमाणे शुक्रवारची तीन घटका रात्र उरली असताना शिवाजी महाराज सिंहासनावर बसले. आपला वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून आपल्या हिशेबाने तो शुक्रवारच. मध्यरात्रीला दिवस बदलणाऱ्यांच्या हिशेबाने शनिवार लागला होता. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन त्या वेळी गडावर होता, आणि त्याच्या लेखी ती ६ जून होती. गोव्यातल्या पोर्तुगिजांच्या लेखी त्याच दिवशी १६ जून होती. पोपने १५८२ मध्ये केलेली पंचांगदुरुस्ती पोर्तुगालने लगेच स्वीकारली होती, इंग्रजांनी १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. त्यामुळे मुंबईचा दिवस म्हापशाच्या दिवसापेक्षा आधी दहा आणि १७०० नंतर अकरा तारखांनी मागे असे. आज ६ जूनला रायगडावर होणाऱ्या सोहळ्याची तारीख या इंग्रजी जुन्या गणनेतून आलेली आहे. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, आनंदनाम संवत्सर ही तिथी मात्र मुंबईत, रायगडावर आणि पेडण्यात एकच होती.

त्या त्रयोदशीपासून राज्याभिषेक शक सुरू झाला. आपल्या परंपरेत शक सुरू करणे ही साधी गोष्ट नाही. शककर्ता म्हणजे युगाचा धनी. जपानच्या सम्राटासारखे दर चार वर्षांनी नवे नाव काढणे आपल्या राजांना सुचलेही नसते. म्हणून १६८१ मध्ये संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा नवा शक निघाला नाही, वर्षांचा आकडा पुढे चालू राहिला. १६८९ मध्ये राजाराम महाराज मंचकारोहण करून जिंजीला गेले, तेव्हाही तोच आकडा पुढे चालला. शक माणसाचा नव्हता, सिंहासनाचा होता.

आणि मग त्या सिंहासनाला दोन वारस उभे राहिले.

१७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर ताराबाईंनी आपल्या मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवले आणि औरंगजेबाशी लढा चालू ठेवला. १७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि संभाजी महाराजांचे पुत्र शाहू सुटून आले. ताराबाईंचे म्हणणे असे की संभाजी महाराजांच्या हातून राज्य गेले, ते राजारामांनी नव्याने मिळवले, तेव्हा ते राजारामांच्या मुलाचे. शाहूंचे म्हणणे असे की थोरल्या घरचा मुलगा जिवंत असताना धाकट्याचा हक्क कसला? ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला लढाई झाली, ताराबाईंची फौज हरली, आणि जानेवारी १७०८ मध्ये शाहूंनी साताऱ्याला राज्याभिषेक करून घेतला. त्या वर्षी त्यांच्या फौजेने पन्हाळा घेतला आणि रांगण्याला वेढा घातला. पावसाळा आला आणि वेढा उठला. रांगण्याच्या माथ्यावरून कुडाळचा मुलूख दिसतो. म्हणजे ही भाऊबंदकी आपल्या घाटाच्या तोंडाशी येऊन ठेपली होती.

आता ताराबाईंच्या दरबारातला आणि शाहूंच्या दरबारातला कारकून कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. दोघे आपापल्या धन्याचे आज्ञापत्र लिहायला बसले आहेत. एक लिहितो, राज्याभिषेक शके ३४, सर्वजित् नाम संवत्सर. दुसराही तेच लिहितो. अक्षराचाही फरक नाही. क्योतो आणि योशिनोच्या कारकुनांनी हे वाचले असते तर चक्रावून गेले असते. एकमेकांचे गड घेणारी माणसे काळ मात्र एकच मोजत होती.

कारण उघड आहे, पण त्यातला पेच मला फार बोलका वाटतो. शाहूंनी साताऱ्याला राज्याभिषेक करून घेतला तेव्हा नवा शक काढता आला असता. पण नवा शक काढणे म्हणजे १६७४ चा शक संपला असे कबूल करणे, आणि १६७४ संपला तर ‘मी शिवछत्रपतींचा नातू’ या दाव्यात उरले काय? ताराबाईंचीही तीच अडचण. दोघांचा हक्क एकाच सिंहासनातून निघत होता, म्हणून दोघांनाही त्या सिंहासनाचा शक सोडता येत नव्हता. सोडील तो हरेल. जपानात दरबार दोन झाले म्हणून काळ दोन झाले, आणि आपल्याकडे काळ एक राहिला तो भांडणच त्याच्यावरून होते म्हणून. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर राजसबाईंनी ताराबाईंना व त्यांच्या मुलाला कैदेत टाकून आपल्या मुलाला, दुसऱ्या संभाजीला, गादीवर बसवले. त्याही उलथापालथीत शकाला धक्का लागला नाही.

मग बाजू ओळखायची कशी? शिक्क्यावरून. शिक्क्यात राजाचे आणि त्याच्या बापाचे नाव असते, आणि तिथे कोणी आडपडदा ठेवत नाही. साताऱ्याच्या पेशव्यांच्या शिक्क्यातही आधी राजाचे नाव आणि मग त्यांचे स्वतःचे. म्हणून माझी पहिली विनंती ही की कागदाचा फोटो काढताना फक्त मजकुराचा काढू नका. डोक्यावरचा शिक्का, पाठीमागची मोर्तब आणि जोडाजवळची छोटी मुद्रा यांचा काढल्याशिवाय राहू नका. नकलेवर बहुधा शिक्का नसतो, आणि आपल्या घरांतले बरेच कागद नकलाच असतात. शिक्का नसेल तर हुकूम देणाऱ्या प्रधानाचे नाव पाहा. रामचंद्रपंत अमात्य १७०८ नंतर पन्हाळ्याकडचे, आणि बाळाजी विश्वनाथ १७१३ पासून साताऱ्याचे पेशवे. हेही हाताला लागले नाही, तर नुसत्या शकावरून निर्णय देऊ नये.

हे सगळे वाडीच्या मुलखात, म्हणजे पेडणे, डिचोली, साखळी आणि सत्तरी इकडे कसे उतरले? हा मुलूख त्या वेळी सावंत भोसल्यांचा. खेम सावंतांनी शाहूंची बाजू घेतली आणि शाहूंनी त्यांचा मुलूख त्यांच्याकडे कायम केला. म्हणजे वाडी साताऱ्याची झाली, असे आपण म्हणू. पण एप्रिल १७३१ मध्ये शाहू आणि संभाजी यांच्यात वारणेचा तह झाला, आणि त्यात वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरला मिळाला. कोकणात साळशीपासून अंकोल्यापर्यंतचा प्रदेशही कोल्हापूरच्या वाट्याला लिहिला गेला. नकाशा काढून बघा. साळशी वर, अंकोला खाली. मध्ये वाडी, पेडणे, डिचोली सगळे आले. शाहूंच्या मान्यतेने बसलेले सावंत शाहूंच्याच सहीने कोल्हापूरच्या हद्दीत गेले. सावंतांना हे मानवणे शक्य नव्हते आणि मानवलेही नाही. पुढची साठ वर्षे वाडी आणि कोल्हापूर यांच्यातली कुरबुर अधूनमधून पेट घेत राहिली.

(तहाच्या त्या वर्षाचे संवत्सर होते विरोधकृत्. पंचांगकर्त्याला आधीच काही कळले होते की काय, असे वाटावे. पण साठ नावांचे चक्र आपल्या गतीने फिरत असते, कोणाचे तह त्यात बसवून घेऊ नयेत.)

अशा मुलखातला गावकर, कुळकर्णी किंवा देवळाचा महाजन काल कसा लिहीत असेल? त्याला रोज हिशेब लिहायचा आहे. आज वाडीचा वसुलीदार येतो, उद्या कोल्हापूरचे स्वार येतात, परवा नदीपलीकडून फिरंगी येतात. इथे ती कदंबांची गोष्ट आठवा. आपल्या लोकांनीही असेच काल वापरले ज्यांना बाजू नाही. एक शालिवाहन शक, ज्याचा राजा कधीच इतिहासजमा झाला होता. दुसरा शुहूर सन, ज्याला अरबी सन किंवा मृगसाल म्हणतात. हा सन चौदाव्या शतकात, मुसलमानी अमलात, दख्खनेत रूढ झाला. सूर्य मृग नक्षत्रात गेला की त्याचे वर्ष बदलते. मिरगाचा पाऊस म्हणजे नवे साल. शेतकऱ्याला याहून सोपे काय असणार? शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी मिरगाचा सन हिशेबातून गेला नाही. पेशव्यांच्या दप्तरात तर तोच चालत राहिला. त्याचे आकडे अरबी शब्दांत, एकम आधी आणि हजार शेवटी असे लिहितात. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, आर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. पुढे अशरीन वीस, सलासीन तीस, आर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. तेव्हा ‘समान मया व अलफ’ म्हणजे ११०८. त्यात मिरगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मिरगापर्यंत ६०० मिळवा, की इसवी सन आला, १७०७-०८. शाहू आणि ताराबाई दोघेही ज्या वर्षी राजे होते ते वर्ष. ‘समान’ लिहिणाऱ्या कुळकर्ण्याने कोणाचीच बाजू घेतलेली नाही, आणि याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. त्या पावतीवर पुढच्या वर्षी दुसराच वसुलीदार नजर टाकणार होता.

राज्याभिषेक शकाचे आकडे लावताना मात्र सांभाळा, कारण त्यात दोन खड्डे आहेत. एक म्हणजे वर्ष चैत्रात बदलत नाही, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलते. शालिवाहन शकातून १५९५ वजा केले की राज्याभिषेक शक येतो, पण पाडव्यापासून त्या त्रयोदशीपर्यंत १५९६ वजा करायचे. वारणेचा तह शके १६५३ च्या चैत्रातला, म्हणून राज्याभिषेक शक ५७, ५८ नव्हे. दुसरा खड्डा अधिक खोल आहे. मूळ कागदात ‘राज्याभिषेक’ हा शब्द फाटला किंवा नकलाकाराने गाळला, की उरते फक्त ‘शके ५७’. आपल्याला आकड्यातले हजार-शेकडे सोडून बोलायची सवय असते, म्हणून वाचणारा त्याचे १६५७ करून टाकतो. १७३१ चा कागद १७३५ चा होतो. चार वर्षांत काय बिघडले म्हणाल, पण त्या चार वर्षांत शाहू आणि संभाजी यांच्यातले युद्ध संपून तह झालेला असतो, आणि वतन देणारा कोण हे बदललेले असते. ‘शके १०५’ असे दिसले तर निदान शंका तरी येते. दोन आकडी संख्या माणसाला निःशंक करते आणि फसवते.

यातून सोडवणारा एक साक्षीदार आहे, तो म्हणजे वार. संवत्सराचे नाव, तिथी आणि वार या तिघांना एकत्र बसवून जंत्रीत पाहिले की चुकीचे वर्ष टिकत नाही. खरे जंत्री आजही जुन्या ग्रंथालयांत मिळते. वाराने कधी पक्ष बदलला नाही. पोर्तुगालात १५८२ च्या ऑक्टोबरात दहा तारखा गाळल्या तेव्हा ४ तारखेच्या गुरुवारनंतर १५ तारीख आली, पण वार शुक्रवारच आला. म्हापशाच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. बारदेश १५४३ पासून फिरंग्यांकडे, कोलवाळच्या नदीपलीकडे पेडणे भोसल्यांकडे. या काठी रोमन पंचांग, त्या काठी शक आणि मिरग. तारखा कशाही असोत, नदीच्या दोन्ही काठांवर शुक्रवार एकाच दिवशी उजाडत आला, आणि बाजार वाराने भरतो.

पलीकडच्या काठाचे काय झाले ते सांगून थांबतो. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हळर्णचा किल्ला घेतला आणि त्याच्या नावावरून तो आलोर्नाचा मार्क्विस झाला. त्या वेळचे पुष्कळसे ठाणे पुढे वाडीला परत मिळाले. १७६३ मध्ये तिसरे खेम सावंत शिंद्यांचे जावई झाले, आणि दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना राजेबहादूर हा किताब आला. कोल्हापूरला हा किताब सहन होईना. आपल्या हद्दीतला सरदेसाई दिल्लीहून राजा होऊन येतो म्हणजे काय! कोल्हापूरची फौज वाडीवर उतरली, गड घेतले गेले. वाडीला दुसरा आधार शोधावा लागला आणि तो नदीच्या दक्षिणेला होता. १७८१ मध्ये डिचोली आणि १७८२ मध्ये सत्तरी पोर्तुगिजांनी घेतलीच होती. जानेवारी १७८८ च्या तहाने पेडणेही गेले. शाहू आणि ताराबाईंच्या भांडणाचे एक टोक, ऐंशी वर्षांनी, कोलवाळच्या नदीत असे बुडाले.

जपानातल्या दोन गाद्या १३९२ मध्ये एक झाल्या. आपल्या झाल्या नाहीत. १७४९ मध्ये शाहू निपुत्रिक गेले तेव्हा कोल्हापूरच्या संभाजींना डावलून रामराजांना साताऱ्याला आणले. १७६० मध्ये संभाजी गेले तेव्हा पेशव्यांनी कोल्हापूर साताऱ्यात मिळवायचा प्रयत्न केला, पण जिजाबाईंनी तो हाणून पाडला आणि १७६२ मध्ये दत्तक घेतला. १८४९ मध्ये सातारा इंग्रजांनी खालसा केला. कोल्हापूर १९४९ पर्यंत राहिले.

पोर्तुगिजांच्या दरबारात मराठी पत्रे वाचून सांगण्यासाठी राज्याचे दुभाषी असत. पत्राचे भाषांतर करायचे म्हणजे तारखेचेही करायचे. तुमच्या पेटीतल्या एखाद्या कागदाचे पोर्तुगीज रूप पणजीच्या पुराभिलेखात असू शकते. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी या दप्तरात आयुष्य घालवून मराठे आणि पोर्तुगीज यांचा पत्रव्यवहार उजेडात आणला, तो असाच दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवून. दोन तारखा जुळल्या नाहीत तर लगेच कोणाला खोटे ठरवू नका, आधी हिशेब करून पाहा.

सरावासाठी एक देतो. पेडणे गेले तो जानेवारी १७८८ चा महिना घ्या. पणजीच्या कारकुनाने आणि, तोवर दुरुस्ती स्वीकारलेली असल्यामुळे, मुंबईच्या इंग्रजानेही एकच तारीख लिहिली असती. शालिवाहन शके १७०९, प्लवंग संवत्सर. साताऱ्यात राज्याभिषेक शके ११४ आणि कोल्हापुरातही ११४. फसली ११९७. आणि पेडण्याच्या देवळात जमाखर्च लिहिणारा कोणी मिरगाच्या हिशेबाचा असेल, तर त्याने लिहिले असते, सन समान समानीन मया व अलफ.